प्लास्टिक न काढलेली खुर्ची

सरकारी कचेरीत हक्काची खुर्ची मिळूनही तिच्यावर न बसणारी एकच व्यक्ती मी माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत पाहिली. बाकी आम्ही सगळे खुर्चीसाठीच जन्मलेलो. माझ्या खुर्चीला पाठीवर टॉवेल, बुडाखाली उशी आणि उजव्या हाताशी पंख्याचं बटण असा सगळा संसार होता. चहा आला तर हात लांब करायचा, साहेब आले तर अर्धवट उठायचं, एवढाच काय तो व्यायाम. अंबिका मात्र आमच्या कार्यालयात अकरा वर्षं उभी होती.

ती खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेवर लागली. नेमणुकीच्या आदेशात ‘आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळाडू (महिला)’ असं लिहिलं होतं आणि ते वाचून कार्यालयात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, टायपिंगची चूक आहे, व्हॉलीबॉल असणार. दुसऱ्याचं म्हणणं, खेळ कुठलाही असो, ही बाई कामावर काही येत नाही. मी अव्वल कारकून, सगळ्यांचा भाऊसाहेब. निःपक्षपाती असल्यामुळे मी दोन्ही तटांत होतो.

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा आम्ही आधी दाराची उंची बघितली. साडेपाच फुटांच्या वर अंग, केस घट्ट बांधलेले आणि हाताचे पंजे असे की हजेरीपटावर सही करताना पेन दिसेना. तिच्यासाठी नवी खुर्ची आणली होती, प्लास्टिकसकट. मी बस म्हणालो. ती काही बोलणार तेवढ्यात कपाटावरचा जुन्या फायलींचा गठ्ठा सटकला. तो आमच्या साहेबांच्या टकलावर पडायचा, पण मधेच अंबिकाच्या हातात गेला. तिनं तो नुसता धरला नाही. छातीशी घट्ट घेतला आणि त्याच्यावर वाकली, कोणी पायानं उडवील म्हणून. आमच्या त्या फायलींना इतक्या मायेनं कोणी कधी धरलं नव्हतं.

त्यानंतर आमच्याकडे काही फुटलं नाही. टेबलावरून घरंगळलेला कप, भिंतीवरून निसटलेलं घड्याळ, शाईचा पॅड, सगळं तिच्या पंजात. शिपाई तर मुद्दाम ग्लास टेबलाच्या कडेला ठेवायचा आणि गंमत बघायचा. ती न बघता पकडायची आणि त्याच ग्लासातलं पाणी त्याच्या टोपीवर ओतायची.

तिचं टेबल आवक-जावकचं. त्यावर ती उभ्यानं वाकून लिहायची, उभ्यानंच डबा खायची. खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली, प्लास्टिक तसंच. खिडकीवर अर्जांची शेवटची तारीख असली की आमच्याकडे लोक एकमेकांच्या अंगावर चढायचे. पहिल्याच वर्षी अशा गर्दीत ती बाहेर गेली, चाळीस माणसांना खांद्याला खांदा लावून उभं केलं, उंच होते त्यांना एका टोकाला घेतलं आणि खिडकीत येऊन ओरडली, "एक पाऊल डावीकडं. अजून अर्धं. हललं कोण? काका, तुमी हलला." सांगोल्याहून आलेला तो काका पुढचा तासभर श्वास रोखून उभा होता. गर्दी तासाभरात संपली. फुटबॉलात समोरून फटका येताना गोलकीपर आपल्या पोरींची अशी भिंत उभी करते, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, बाई पोलिसात जायची ती चुकून इकडे आली.

तीन महिन्यांनी मी न राहवून विचारलं, की अगं, खुर्चीचं काय वावडं आहे तुला.

"बसायचं काम मी देशासाठी करती की भाऊसाहेब," ती म्हणाली. "हितं तरी उभी ऱ्हाऊ द्या."

मग तिनं मला खेळ समजावून सांगितला. ती राखीव गोलकीपर. बाकीच्या खेळाडू दमल्या की बदलतात, पण गोलकीपर सहसा बदलत नाही. एक नंबरची मोडली तरच दोन नंबरचीला उठवतात. आणि एक नंबरची मोडत नव्हती. त्यामुळे अंबिका देशाचा शर्ट घालून परदेशात जायची, सामन्याआधी तासभर उड्या मारायची, राष्ट्रगीताला उभी राहायची आणि मग बाकावर बसायची. देशासाठी तिनं खेळलेली मिनिटं, शून्य. तिला फक्त एक सामना हवा होता. जिंकायला नको, बक्षीस नको. एकदा शिट्टी वाजताना गोलात उभं राहायचं, एवढंच.

हे सोलापुरात कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सोलापुरानं तिचे सत्कार सुरू केले होते. एका सत्काराला मी होतो. पुढाऱ्यानं तिला गोल करणारी वाघीण म्हटलं, कपाळभर गंध लावलं आणि माइकवरूनच विचारलं, की ताई, आजपर्यंत किती गोल केले ते सभेला सांगा.

"एक पन न्हाय," अंबिका म्हणाली. पुढाऱ्याचा चेहरा पडला. मग तिनं माइक जवळ ओढला. "पन एक पन खाल्लेला न्हाय."

टाळ्या थांबेनात. दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी होती आणि ती खाली मान घालून हसू दाबत होती, हे मला पहिल्या रांगेतून दिसत होतं. तिला चादर दिली. सोलापुरात सत्काराला दुसरं काय देणार? अशा सात चादरी तिच्या घरी साठल्या होत्या. तिचे वडील नरसय्या यांनी चाळीस वर्षं मागावर काढलेली. ते चादर उलटी करायचे, किनार चिमटीत धरायचे आणि ही आमच्याच कारखान्यातली, ह्या मागाची डावी किनार जरा ओढते, असं सांगायचे.

आता माझा गुन्हा सांगतो. तिच्या दौऱ्यांना विशेष रजा लागायची. चौथ्या का पाचव्या दौऱ्यानंतर मी तिच्या अर्जावर शेरा मारला, ‘सदर कर्मचारी प्रत्यक्ष सामना खेळल्याचा पुरावा सादर करावा.’ नियमात बसणारा, उत्तम शेरा होता. मला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘प्रत्यक्ष सामना न खेळता बसून होते. बसल्याचा पुरावा सोबत जोडला आहे.’ खाली फोटो. प्लास्टिकच्या छताखाली ओळीनं बसलेल्या मुली. मागे लिहिलेलं, ‘डावीकडून पाचवी. बूट घातलेले आहेत.’

साहेबांनी हसत हसत रजा मंजूर केली. मी तो फोटो फायलीला लावताना पहिल्यांदा नीट बघितला. बाकीच्या चौघी मागे रेलून गप्पा मारत होत्या. अंबिका पुढे झुकलेली, कोपरं गुडघ्यांवर, आणि दोन्ही हातांत हातमोजे चढवलेले. बाकावर बसलेल्या गोलकीपरनं हातमोजे घालून बसायची काही गरज नसते, असं मला कोणीतरी सांगितलं. त्यानंतर मी तिच्या अर्जावर शेरा मारला नाही. मला माझीच लाज वाटली होती.

नारळी पौर्णिमेला विणकरांच्या मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी तिनं मला घरी जेवायला बोलावलं. पूर्व भागातलं दोन खोल्यांचं घर, शेजारी मागांचा खडखडाट. नरसय्यांनी मला भिंतीवरचे फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत पोरगी बसलेली. नरसय्यांचा चेहरा मात्र उजळलेला होता.

"आमच्या कारखान्यात कसं हाय, शेठ बसतो, मेस्त्री फिरतो आन कामगार उभा," ते मला समजावू लागले. "हिला तिकडं खुर्चीत बसवतात. वर छत. पाण्याची बाटली हातात. पळायला बाकीच्या पोरी हायत की."

मी दाराकडे पाहिलं. अंबिका ताट घेऊन उभी होती. तिनं मला डोळा मारला.

जेवताना नरसय्यांनी तिच्या लहानपणीचं सांगितलं. कारखान्यात आवाज इतका की हाक ऐकू येत नाही. सुताची रिकामी कांडी ते मागावरून भिरकावायचे आणि पलीकडे ही सात वर्षांची पोरगी ती झेलून भरायला न्यायची. आधी नजर मिळवायची, मग फेकायची. पुढे शाळेच्या मैदानावर पोरांनी तिला मुलगी म्हणून गोलात उभी केली, पळायला नको म्हणून. पोरांना काय माहीत, हिचा सराव आधीच झालाय.

रस्त्यावर सोडायला आली तेव्हा मी तिला त्या खुर्चीच्या भानगडीबद्दल छेडलं. पहिल्या दौऱ्यानंतर वडिलांनी काळजीनं विचारलं होतं, की तुला का बसवून ठेवतात, काही चुकलं का. तेव्हा तिला सुचलं ते तिनं सांगून टाकलं, की मोठ्या लोकांना बसवतात.

"त्यांनी सगळी जिंदगी उभं ऱ्हाऊन काढली," ती म्हणाली. "पोरगी बसली म्हणून एवढे खूश झाले. आता कुटल्या तोंडानं सांगू, तिकडं बसणं म्हंजे काय असतंय ते."

एक नंबरची गोलकीपर ईशान्येकडची होती. अंबिका दर शिबिराला तिच्यासाठी शेंगाचटणीचा किलोचा पुडा न्यायची. मी चेष्टेनं म्हटलं, की एवढं तिखट खाऊन तरी ती एखाद्या दिवशी आजारी पडेल. अंबिका हसली नाही. म्हणाली, तिचं बोट जरी दुखावलं तरी आधी मला बरं वाटतं, आणि मग दिवसभर लाज वाटते. म्हणून चटणी नेते. बॉल अडवणं त्या मानानं सोपं आहे.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. अंबिका बत्तीस वर्षांच्या पुढे गेली, गुडघा सकाळी कुरकुरू लागला. मग एका शिबिराचं बोलावणं आलं. हे शेवटचं, असं तिनं स्वतःच सांगितलं, कारण मागे एक एकोणीस वर्षांची पोरगी तयार झाली होती. रजेचा अर्ज माझ्याकडे आला. साहेब नवे होते. त्यांनी नेमकं तेच विचारलं, जे मी कधीकाळी विचारलं होतं, की या बाई खेळतात का नुसत्याच जातात. मी पेन उचललं आणि लिहिलं, ‘सदर कर्मचारी या दौऱ्यात प्रत्यक्ष खेळणार आहेत.’ माझ्या नोकरीतली ती एकमेव खोटी टिपणी.

दौऱ्याच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी अकराला मला फोन आला.

"भाऊसाहेब, एक नंबरचीचा खांदा गेला काल सरावात," अंबिकाचा आवाज सपाट होता. "आज मी उभी ऱ्हाणार हाय."

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेलो. मग ती म्हणाली, "मला वाटलं होतं, आधी बरं वाटंल. न्हाय वाटलं. तिच्याजवळ बसून रडले नुसती. एवढं बरं झालं बघा."

आणि लगेच तिचा नेहमीचा खोडकर सूर परतला. बाबांना कार्यालयात बोलावून सामना दाखवा, त्यांच्या फोनवर दिसत नाही. पण उभी बघून ते घाबरतील. त्यांना वाटेल, पोरीला खुर्चीवरून काढलं. काहीतरी सांगून टाका, तुम्ही एवढ्या टिपण्या लिहिता.

दुपारी नरसय्या आले, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि लेंगा घालून. मी त्यांना अंबिकाच्या खुर्चीवर बसवलं. प्लास्टिक करकरलं. शिपायानं माझा फोन पंचिंग मशीनला टेकवून ठेवला. खिडकीवरची रांगही आत आली, कारण खिडकीत कोणीच उरलं नव्हतं. नव्या साहेबांनी आधी हे काय चाललंय असं विचारलं आणि मग स्वतःच माझ्या मागे येऊन वाकले.

पडद्यावर अंबिका दिसली. हिरवा शर्ट, हातमोजे. गोलाच्या दोन्ही खांबांना हात लावला आणि मधोमध उभी राहिली. मी घसा साफ केला. सकाळपासून घोकून ठेवलेलं वाक्य म्हणालो, की नरसय्या, काळजी करू नका, आज उभं राहणारी बाई रजेवर आहे म्हणून हिला तात्पुरतं उभं केलंय.

नरसय्यांनी फोनवरची नजर काढली नाही.

"भाऊसाहेब, मी चाळीस वर्सं कारखान्यात काढली," ते हळू म्हणाले. "बसवून ठेवलेल्या मानसाला काम न्हाय, एवढं मला कळत न्हाय व्हय?"

मी उगाच फोनचा आवाज वाढवला.

"पयल्या दिवशीच कळलं होतं. तिला वाटतंय मला ठाव न्हाय. अकरा वर्सं जपलंय तिनं माज्यासाठी. तुमी सांगू नका तिला."

मी मान डोलावल्यावर ते खुर्चीवरून उठले. मी बसा म्हणालो, साहेब बसा म्हणाले. त्यांनी नुसता पडद्याकडे हात केला. ती उभी होती. मग ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, माग चालवताना उभे राहत असतील तसे पाय थोडे फाकवून उभे राहिले, ते सामना संपेपर्यंत.

सातव्या मिनिटाला तिच्यावर गोल झाला. मला तर वाटलं, माझ्या खोट्या टिपणीचाच तळतळाट लागला. नरसय्या मात्र शांत होते. "धागा तुटला," ते म्हणाले. "जोडंल ती."

आणि तिनं जोडला. त्यानंतर तिनं काय काय अडवलं हे मला नीट सांगता येणार नाही, कारण अर्धा वेळ मी डोळे मिटून होतो. शेवटच्या मिनिटांत समोरच्यांना गोलासमोरून फटका मिळाला. अंबिकानं पोरींची भिंत लावायला घेतली. हात हलवून एक पाऊल डावीकडे, अजून अर्धं. रांगेतून आत आलेल्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आमाला बी हिनं असंच उभं केलं हुतं. चेंडू भिंतीवरून आला. तिनं तो छातीशी घेतला आणि त्याच्यावर वाकली. मला तो फायलींचा गठ्ठा आठवला आणि माझे डोळे भरून आले. शिट्टी वाजली.

आपण एका गोलानं हरलो होतो. आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. हरल्याबद्दल पेढे वाटणारं दुसरं सरकारी कार्यालय देशात असेल असं मला वाटत नाही.

चार दिवसांनी अंबिका कामावर आली. आल्या आल्या माझ्या टेबलापाशी वाकून विचारलं, की बाबांना काय सांगितलं. मी म्हणालो, उभं राहणारी बाई रजेवर होती म्हणून तुला उभं केलं. पटलं का? लगेच पटलं. ती मनापासून हसली. मला वाटलं, आता सगळं सांगून टाकावं. पण नरसय्यांना शब्द दिला होता आणि तिचंही गुपित माझ्याकडेच होतं, त्यामुळे दोघांच्या मधे मी भिंतीसारखा उभा होतो आणि अर्धं पाऊलसुद्धा हलायची सोय नव्हती.

मग ती भिंतीशी गेली, खुर्ची ओढली, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि बसली. मागे रेलून, पाय लांब करून. संध्याकाळपर्यंत उठली नाही. ग्लास पडला, फुटला, ती बघत राहिली. चारच्या सुमारास एक गृहस्थ कागदावर शिक्का मागायला आले. अंबिकानं चहाचा घोट घेतला आणि त्यांना सांगितलं, "उद्या या." त्या दिवशी ती खऱ्या अर्थानं सरकारी नोकर झाली आणि सगळं कार्यालय भरून पावलं.

पुढच्याच वर्षी तिला दुसऱ्या राज्यात लहान मुलींच्या संघाला गोलकीपिंग शिकवायचं काम मिळालं. मी तोवर निवृत्त झालो होतो. सोलापूर स्टेशनवर निरोप द्यायला गेलो. फलाटावर एक अख्खा बाक रिकामा होता. अंबिका नरसय्यांना म्हणाली, तुम्ही बसा. नरसय्या म्हणाले, तू बस, तुला लांब जायचंय. ती म्हणाली, मला आता तिकडं बसायचंच काम आहे. आणि माझ्याकडे बघून तिनं डोळा मारला. नरसय्यांनीही, तिची पाठ फिरल्यावर, मारला. दोघंही उभे. माझे गुडघे ठणकत होते, समोर बाक होता आणि तेहतीस वर्षांत मी रिकामी जागा कधी सोडली नव्हती. पण त्या दोघांच्या देखत बसायचं धाडस होईना.

गाडी पाऊण तास उशिरा आली. अंबिका चढली, सामान लावलं, दारात येऊन उभी राहिली. गाडी हलल्यावर नरसय्यांच्या लक्षात आलं, की चटणीचा पुडा त्यांच्याच पिशवीत राहिलाय. त्यांनी धावाधाव केली नाही. पुडा हातात घेतला, तिची नजर मिळेपर्यंत थांबले आणि भिरकावला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला आणि त्याच्यावर वाकली. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तेव्हाही ती दारात उभीच होती.

नरसय्यांनी पिशवीची घडी घातली आणि बाकावर टेकले. मग शेजारच्या जागेवर हात आपटला.

"आता बसा, भाऊसाहेब," ते म्हणाले. "ती बघत न्हाय."